हिरव्या वहीतली बेरीज

१

पेटी उघडली तेव्हा ती रिकामी होती, आणि पेटीभोवती उभ्या असलेल्या सात माणसांपैकी सहा जणांनी सातव्याकडे पाहिलं. कुणी कुणाला खूण केली नव्हती. माना आपोआप वळल्या. सातवा माणूस होता बदरुद्दीन, गोदामाचा स्टोअरकीपर, गाव दापोली, पगार अडीच हजार दिरहम.

हे मी दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात पाहिलं. दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला त्या सहा मानांची किळस आली.

मी अनुराधा फाटक, विमा कंपनीची सर्व्हेअर. कुणाचा माल जळला, बुडाला, चोरीला गेला की मी जाऊन बघते, खरंच गेला का. बावीस वर्षं दुबईत हेच करते आहे. त्याआधी सहा वर्षं पुण्यात कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवत होते. त्या इतिहासाचा इथे कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता, म्हणून ही फाइल आली तेव्हा मॅनेजर म्हणाला, "धिस वन इज मेड फॉर यू."

चोरीला गेली होती एक हिरव्या चामड्याची, बारा पानांची वही. लंडन, साल १७२०. विमा चाळीस लाख दिरहमचा. वहीचे मालक चारशे बारा. राजन कोरगावकर नावाच्या गृहस्थाने 'वारसा सर्कल' काढून वहीचे हिस्से विकले होते, हजार दिरहमला एक. शारजातल्या अल मजाजच्या टॉवर्समधली निम्मी मराठी घरं त्यात होती. वही राहायची जबल अलीच्या एका थंड गोदामात, कुलूपबंद लाकडी पेटीत. चार नोव्हेंबरला युरोपातून एक तज्ज्ञ बाई ती तपासायला आल्या आणि पेटी रिकामी निघाली. पेटी जिथे ठेवायची त्या जाळीच्या कप्प्यात मात्र कॅमेरा नव्हता. पेटीच्या दोन्ही किल्ल्या बारा ऑक्टोबरपासून बदरुद्दीनच्या कपाटात होत्या, त्याच्या सहीनिशी.

सोमवारी माझा रिपोर्ट जाणार होता. चोरी झाली असं मी लिहिलं की त्याच संध्याकाळी बदरुद्दीनला पोलीस नेणार, हे उघड होतं. राजनने मोठ्या मनाने तोपर्यंत तक्रार थांबवून ठेवली होती.

२

राजनच्या ऑफिसात भिंतभर एक फोटो होता. वहीचं शेवटचं पान. हाच फोटो प्रत्येक हिस्सेदाराच्या सर्टिफिकेटवर छापलेला असतो, आणि लोक ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात.

"बसा ना अनुराधाताई. करक चहा मागवू?" राजन म्हणाला. "फोर मिलियन दिरहमची गोष्ट आहे ही. म्हणजे आपले साडेनऊ कोटी. तुम्हाला हिस्टरी माहितीये, तुम्हाला मी काय सांगायचं?"

आणि मग अर्धा तास सांगत बसला. ते सगळं मला पाठ होतं, तुम्हाला थोडक्यात सांगते. तेव्हा लंडनमध्ये साउथ सी नावाची कंपनी होती. सरकारचं कर्ज तिने अंगावर घ्यायचं, बदल्यात लोकांना शेअर विकायचे. दक्षिण समुद्रातला व्यापार नावापुरताच. सव्वाशेचा शेअर सहा महिन्यांत हजारावर गेला. पॅरिसलाही त्याच सुमारास तोच तमाशा, तिथे तर नोटांचा भाव टिकावा म्हणून घरात सोनंनाणं साठवायला बंदी घातली होती. लंडनच्या कंपनीने मंत्र्यांना आणि राजाच्या मर्जीतल्या बायकांना शेअर दिले, एक पैसाही न घेता. भाव चढला की फरक त्यांच्या खिशात. ही नावं म्हणे एका हिरव्या वहीत होती. फुगा फुटला, चौकशी बसली आणि कंपनीचा रोखपाल वही घेऊन समुद्रापार पळाला. तो पकडला गेला, तरी चौकशीपुढे कधी आला नाही. ज्यांनी त्याला आणायचं त्यांचीच नावं वहीत. वर्गात शिकवताना इथे मुलं हसायची. मला तेव्हाही हसू येत नसे.

"ती वही मला अँटवर्पला एका डीलरकडे मिळाली," राजन म्हणाला. "पुस्तकात वाचलेली गोष्ट, ताई, आपल्या मराठी लोकांच्या मालकीची."

मी फोटोजवळ गेले. फिकट तपकिरी शाई, लफ्फेदार इंग्रजी अक्षर. पाच ओळी, प्रत्येक नाव अर्धवट आणि पुढे 'पैसे न भरता' असा शेरा. मी आकडे फोटोत होते तसेच डायरीत उतरवून घेतले: ४८,०००. ५०,०००. ३६,०००. ५२,५००. ३०,०००. खाली दोन रेघा आणि बेरीज २,१६,५००. मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

"तज्ज्ञ बाईंना कुणी बोलावलं?"

"तुमच्याच कंपनीने. रिन्यूअलच्या आधी पाहिजे म्हणे. आधी त्यांना फोटो पाठवला." त्याने फोनवर बाईंचा मेल दाखवला. नऊ ऑक्टोबर. बाईंनी एकच ओळ लिहिली होती, की शेवटच्या पानावरची बेरीज मला प्रत्यक्ष पाहायची आहे.

"आणि बारा तारखेला?"

"इन्व्हेस्टर्ससाठी हॉटेलात व्ह्यूइंग ठेवलं होतं. बुक काचेत होतं, सगळ्यांनी पाहिलं. मग मी स्वतः बॉक्स लॉक केला, स्वतः गाडीत बसून गोदामात नेऊन दिला, दोन्ही कीज बदरुद्दीनच्या हातात दिल्या, रिसीट घेतली." त्याने सुस्कारा सोडला. "गरीब माणूस आहे हो. टेम्प्टेशन होतं. मला त्याचा राग नाही."

मी विचारलं, "अशी वही तो विकणार कुणाला?"

"सोनापूरच्या लेबर कॅम्पांत काय वाट्टेल ते विकलं जातं, ताई."

मी बारा तारखेचे सगळे कागद मागितले. त्याने एक पिवळी फाइल न उघडताच माझ्याकडे सरकवली. "लेबर लोकांची कागदपत्रं आहेत ही, घेऊन जा. खलास. आणि ही हिस्सेदारांची यादी. निवांत वाचा."

यादी मी लिफ्टमध्येच उघडली. तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

३

"तीस हिस्से," मी शार्दूलसमोर कागद टाकला. "तारीख मार्चची. मला सांगितलं नाहीस."

शार्दूल सोफ्यावर बसून दाणे खात होता. आमची बाल्कनी खालिद लगूनवर उघडते, आणि त्या दिवशी बाल्कनीचं दार लावलेलं होतं. हा माणूस काही लपवत असला की आधी दारं लावतो.

"मार्च नाही," तो म्हणाला. "काल. राजनचा फोन आला काल."

"काल म्हणजे मला केस मिळाली त्या दिवशी."

"मी केसचं विचारलंच नाही. तो म्हणाला, तुझं नाव आधीच घालायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं ठीक आहे."

"पैसे?"

त्याने दाण्याचं टरफल नीट बाजूला ठेवलं. "अजून नाही भरले. भरायचीही गरज नाही, क्लेम सेटल झाला की तुझ्या वाट्याचे देतो म्हणाला. तीस हजार दिरहम, अनू. सात लाख वीस हजार होतात. आपल्या अस्मिताची कॉलेजची पहिल्या वर्षाची फी."

तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या मंत्र्यांना जे दिलं, तेच माझ्या घरात आलं होतं, आणि ज्याच्या घरात आलं तो दाणे खात होता. मला त्याच्या बोटांकडे बघवेना. नियम साफ आहे: घरच्याचा संबंध निघाला की सर्व्हेअरने केस सोडायची. मी सोडली असती तर माझ्या जागी जो पोरगा आला असता त्याने दोन किल्ल्या आणि एक सही बघून दुसऱ्या दिवशी चोरीचा रिपोर्ट दिला असता. राजनलाही तेच चाललं असतं. मी गप्प बसले तर मी त्याची, बाहेर पडले तर तो पोरगा त्याचा.

"कुणाला बोललास?"

"नाही. अनू, उगाच मोठं करू नकोस. त्या स्टोअरकीपरला डिपोर्ट करतील फार तर. मरणार थोडीच आहे कुणी."

मी उठून बेसिनपाशी गेले आणि तोंड धुतलं. मग दुसऱ्यांदा धुतलं.

४

बदरुद्दीनला कंपनीने सस्पेंड करून मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात पाठवलं होतं. सोनापूर म्हणतात तेच. एका खोलीत आठ माणसं, त्यात हा नववा, जमिनीवर गादी. त्याचा पासपोर्ट कंपनीने काढून घेतला होता.

"मॅडम, खुर्ची नाय इथे," तो ओशाळून म्हणाला. मी गादीवरच बसले. पन्नाशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आरोपी माणसाने इस्त्री केलेली पाहिली की मला वाईट वाटतं.

"बदरुद्दीनभाई, किल्ल्या तुमच्याकडे होत्या?"

"होत्या. माझ्याच कपाटात. मी नाय कशाला म्हणू? सगळे तेच विचारतात. किल्ली कोणाकडे, किल्ली कोणाकडे. मी सांगतो माझ्याकडे, की लगेच लिवून घेतात आणि उठतात."

"अजून काय विचारायला हवं होतं?"

मी चेष्टा करते की काय, असं आधी त्याला वाटलं असावं. मग उशीखालून एक लांबट वही काढली. "पेटी परत आली तेव्हा हलकी होती."

"कशावरून?"

"मी इथे येण्याआधी देरामध्ये केशराच्या गोदामात होतो, सात वर्षं. तिथे दहा ग्रॅम कमी आलं की पगारातून कापायचे. हाताला सवय लागली ती लागली. माल आला की वजन, गेला की वजन, ग्रॅममध्ये. आमच्या इथल्या कॉम्प्युटरला किलोच कळतो, पुढचं तो आपला आपण जवळच्या किलोवर नेतो. कॉम्प्युटरमध्ये दोन्ही वेळा सहा किलोच दिसेल तुम्हाला. माझ्या वहीत बघा."

बारा ऑक्टोबर. सकाळी बाहेर: सहा किलो चारशे वीस. संध्याकाळी आत: पाच किलो नऊशे.

"तेव्हा बोलला नाहीत?"

"बोललो ना. राजनसाहेबांना म्हटलं, साहेब, अर्धा किलो कमी भरतंय. ते म्हणाले, फोम काढलाय आतला. मी गेटपासावर वजन लिवलं, ते सही करून गेले. मोठ्या माणसाला पेटी उघडून दाखव म्हणायची माझी काय टाप? इन्शाल्ला सगळं ठीक असेल म्हटलं." मग हळू म्हणाला, "पोरीची, नबिलाची, नर्सिंगची शेवटची परीक्षा चालू आहे रत्नागिरीला. घरवालीने, हलिमाने, तिला अजून कळू दिलं नाय. सोमवारी पोलीस आले तर कळणारच."

मी त्याला काही वचन दिलं नाही. वहीतला आकडा त्याच्या हातचा होता, आणि या देशात त्याच्या हातच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

५

घरी आल्यावर मला राजनची पिवळी फाइल आठवली.

गेटपास म्हणजे मालाबरोबर फाटकातून आत-बाहेर जाणारी चिठ्ठी. मूळ प्रत गोदामाकडे राहते आणि कार्बन प्रत मालकाला मिळते. राजनच्या फाइलमध्ये ती होती, हॉटेलच्या बिलामागे टाचलेली. वजन ५.९००, आणि खाली राजनची ऐटबाज सही, तारखेसकट. चोरी उघड व्हायच्या तेवीस दिवस आधीची. त्याने ती वाचली नव्हती. मला देतानाही वाचली नाही. हमालांच्या चिठ्ठीत वाचण्यासारखं काही असतं, हे या लोकांच्या डोक्यातच येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची इतकी सवय झालेली असते, की स्वतःची सही असलेला पुरावाही ते कचरा म्हणून हातात देतात.

पेटी परत आली तेव्हाच रिकामी होती, एवढं माझ्यापुरतं ठरलं. पण राजनने असं का करावं? वही त्यानेच आणली होती. तज्ज्ञाने खरी ठरवली असती तर भाव दुप्पट झाला असता. म्हणजे ती खरी नसणार. पण हे सिद्ध कशाने करायचं? वही तर गेली. उरला होता तो फोटो, जो चारशे घरांनी महिनोन्‌महिने भिंतीवर पाहिला होता आणि कुणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

क्लेमचा फॉर्म भरायला घेतला. वस्तूच्या वर्णनात पानावरची बेरीज टाकायची होती. डायरीत बघून आकडे दाबले, आणि कॉम्प्युटरने त्याच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकला: २१६,५००.

मी डायरीकडे पाहिलं. २,१६,५००. फोटोतही तसंच. सर्टिफिकेटवरही तसंच.

बावीस वर्षं माझे इंग्लिश मॅनेजर माझ्या रिपोर्टमधले स्वल्पविराम लाल करून परत पाठवत आले आहेत. कारण आपण हजारानंतर दोन-दोन घरं सोडतो, लाख, कोटी. इंग्रज तीन-तीन सोडतो. लाख ही चीज त्याच्या हिशेबात नाहीच. लाखाच्या आत दोघांचं सारखं दिसतं. लाखावर गेलं की हात उघडा पडतो. १७२० साली लंडनमधला रोखपाल काहीही खोटं लिहील, पण लाखाचा स्वल्पविराम लिहिणार नाही. तज्ज्ञ बाईंना फोटोत नेमकी ती बेरीजच का खटकली, ते आता कळलं. आणि आम्हाला का खटकली नाही, तेही. आम्ही सगळे शाळेत तसंच शिकलो.

म्हणजे वही आपल्यातल्याच कुणीतरी लिहिली होती. आणि असं अक्षर अल मजाजमध्ये एकाच माणसाचं होतं.

६

मुरलीधर सबनीस, वय एकाहत्तर. पुण्यात छत्तीस वर्षं बँकेत होते, आता मुलाकडे राहतात. आमच्या मराठी मंडळाच्या स्पर्धांची सर्टिफिकेटं तेच लिहितात, टाकाने, बाटलीतल्या शाईने. सगळे त्यांना मुरलीधरकाका म्हणतात, आणि लहान मुलांना त्यांच्या पाया पडायला लावतात.

त्यांच्याही दिवाणखान्यात सर्टिफिकेट होतं. पन्नास हिस्से.

"काका, ह्या पन्नासांचे पैसे कधी भरलेत?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "तू विचारलंस म्हणजे तुला कळलेलं दिसतंय."

"बेरजेत स्वल्पविराम लाखाचा आहे."

त्यांनी उठून फ्रेमजवळ जाऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जे हसले ते मला विसरता येत नाही. मुलाने गणितातली चूक दाखवल्यावर मास्तर हसतो तसं. "छत्तीस वर्षं, अनुराधा. बेरीज आली की हात आपसूक पडतो गं. वरच्या ओळी मी नमुना बघून लिहिल्या. बेरीज माझी मी केली."

"राजनने काय सांगितलं होतं?"

"मुलांच्या प्रदर्शनासाठी नक्कल हवी म्हणाला. जुना कोरा कागद कुठूनसा आणून दिला. दोन हजार दिरहम दिले, अठ्ठेचाळीस हजार रुपये. नक्कल करणं काही गुन्हा नाही."

"आणि सर्टिफिकेटावर स्वतःचं अक्षर पाहिलंत तेव्हा?"

"तेव्हा मी गेलो त्याच्याकडे. रागावून गेलो. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आणि हे पन्नास हिस्से दिले."

"चार तारखेला पेटी उघडली तेव्हा तुम्ही तिथे होतात. चित्रणात दिसता. बदरुद्दीनकडे पाहणाऱ्यांत तुम्ही पहिले होतात, काका."

आतून सुनेने पोहे झाल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "खाऊन जा."

मी उठले. पण निघण्याआधी, त्यांनी सांगितलं ते सगळं त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घेतलं, तारीख-सहीसकट. अक्षर तिथेही सुंदरच आलं.

७

सोमवारी सकाळी मी सगळ्यांना जबल अलीच्या गोदामात बोलावलं. राजन, मुरलीधरकाका, गोदामाचा मॅनेजर फहद, आणि हिस्सेदारांच्या वतीने समिधा. समिधा मंडळाची सेक्रेटरी, शाळेत शिकवते. बदरुद्दीनला मी मुद्दाम बोलावलं नाही. त्या माना पुन्हा वळलेल्या मला बघायच्या नव्हत्या.

रिकामी पेटी कुलूप लावून काट्यावर ठेवली. "फहद, मोठ्याने वाचा."

"पाच किलो नऊशे," फहद म्हणाला.

"आतला फोम काढलाय का?"

फहदने कुलूप उघडून पाहिलं. "नाही मॅडम. फोम आहे. पूर्ण आहे."

"आता हे वाचा." मी कार्बन प्रत पुढे केली. त्याने वाचली, मग राजनकडे पाहिलं. पेटी बारा तारखेला आत आली तेव्हाच तिचं वजन रिकाम्या पेटीएवढं होतं, आणि त्या वजनाखाली राजनची सही होती. किल्ल्या नंतर कुणाकडे होत्या याला काही अर्थ उरला नव्हता. रिकाम्या पेटीच्या किल्ल्या सांभाळल्या म्हणून कुणी चोर ठरत नाही.

मग मी बेरीज दाखवली. समिधाला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "बरोबर तर आहे, दोन लाख सोळा हजार पाचशे." आणि म्हणता म्हणता थांबली.

"नऊ तारखेला बाईंनी नेमकी हीच बेरीज बघायची म्हटल्यावर तुम्हाला कळलं, राजन. वही बाईंच्या हातात पडता कामा नये. म्हणून घाईने बारा तारखेला व्ह्यूइंग ठेवलंत, साक्षीदार जमवलेत, पेटी रिकामी लॉक केलीत आणि किल्ल्या अशा माणसाला दिल्यात ज्याचं कुणी ऐकणार नाही. वही कुठे आहे?"

राजनने वही कुठे आहे ते सांगितलं नाही. घाबरलाही नाही. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि शांतपणे म्हणाला, "अनुराधाताई, प्रॅक्टिकल बोलूया. बुक खोटं ठरलं तर चारशे फॅमिलीज बुडाल्या. बुक चोरीला गेलं तर सगळ्यांना पैसे परत. पैसे देणार कोण, तर एक विमा कंपनी. तिला काय फरक पडतो? तुम्ही डिसाइड करा. आणि डिसाइड करताना घरी एकदा विचारा."

मला वाटलं होतं, निदान समिधा त्याच्या अंगावर धावून जाईल. तिचे साठ हिस्से होते, साडेचौदा लाख रुपये, आईच्या ऑपरेशनचे ठेवलेले. ती म्हणाली, "अनुराधा, बदरुद्दीनला आपण सगळे मिळून काहीतरी देऊ ना. तिकीट, वर दहा-वीस हजार दिरहम. गावी छान घर होईल त्याचं."

मी फहदकडे वळले. तोही कोकणातलाच, रायगडचा, बदरुद्दीनबरोबर जुम्म्याला एकाच मशिदीत जाणारा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, माझे पण दहा आहेत."

खोली थंड होती, मालासाठी ठेवतात तशी. मी बाहेर जाऊन उभी राहिले. राजनची किळस मला आधीच येऊन गेली होती. ही त्या बाकीच्यांची होती, ज्यांना खरं काय ते कळलं होतं आणि ते कळल्यावर ज्यांनी सौदा करायला घेतला होता.

८

दुपारी दोन वाजता माझा रिपोर्ट तयार होता. वजन, गेटपास, स्वल्पविराम, मुरलीधरकाकांचा कबुलीजबाब. शेवट: चोरी झालेली नाही, वस्तू बनावट, दावा फेटाळावा, प्रकरण पोलिसांकडे द्यावं. फक्त पहिली ओळ लिहायची राहिली होती.

शार्दूलचा फोन आला. राजनने त्यालाही कळवलं होतं. "अनू, माझं नाव लिहिलंस तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा जाईल. मी काही केलेलं नाही. फक्त हो म्हटलं."

मी फोन ठेवला आणि तीन वाजेपर्यंत त्या पडद्याकडे बघत बसले. मग पहिली ओळ लिहिली: दावेदाराने या सर्व्हेअरच्या पतीस पाच नोव्हेंबर रोजी तीस हिस्से पैसे न घेता दिले, आणि त्यांनी ते स्वीकारले. सर्व्हेअरने हे पाच दिवस कळवले नाही. रिपोर्ट पाठवला आणि गाडी काढून सोनापूरला गेले.

बदरुद्दीन खोलीत एकटाच होता, बाकीचे साइटवर. मी सांगितलं, तुमच्यावर काही नाही, पासपोर्ट उद्या मिळेल. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तसाच बसून राहिला. मग उठून दापोलीला फोन लावला, हलिमाशी चारच शब्द बोलला आणि माझ्यासाठी हिटरवर चहा टाकला.

"मॅडम, एक विचारू? लोक म्हणत होते, तुमच्या घरचे पण होते त्यात."

"होते. तीस. फुकटचे."

"मग साहेबांचं काय?"

"नाव लिहिलं. पहिल्या ओळीत."

त्याने कप माझ्यासमोर ठेवला. "लगेच लिवलंत?"

खोटं बोलता आलं असतं. तो माझे उपकार मानून बसला होता, विश्वासही ठेवला असता.

"नाही," मी म्हटलं. "एक तास लागला."

बदरुद्दीनने मान हलवली. त्याला राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. माझ्याबद्दल त्याने साधारण तेवढंच धरलं होतं. मग त्याने मला विचारलं, साखर पुरेशी आहे का.